जोना लोमू

जोना टाली लोमू (जन्म : १२ मे १९७५, पुकेकोहे, न्यू झीलंड, मृत्यू : १८ नोव्हेंबर २०१५, ऑकलंड) हे न्यू झीलंडचे आंतरराष्ट्रीय रग्बी युनियन खेळाडू होते. ‘ऑल ब्लॅक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय संघाकडून १९९४ ते २००२ या काळात ते ६३ कसोटी सामने खेळले आणि त्यांत त्यांनी ३७ ट्राय केले. विश्वचषक स्पर्धेत त्यांच्या नावावर १५ ट्राय असून हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबाना यांनी २०१५मध्ये त्याची बरोबरी केली. रग्बी हौशी खेळ न राहता व्यावसायिक झाला त्याच वर्षी लोमू जगासमोर आले. त्यामुळे या खेळातील पहिले जागतिक कीर्तीचे तारांकित खेळाडू म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. मूत्रपिंडाच्या गंभीर विकारामुळे त्यांची कारकीर्द ऐन भरात खंडित झाली. पुढे मूत्रपिंड प्रत्यारोपण करून घेऊन ते पुन्हा व्यावसायिक सामने खेळले.

== खेळाविषयी थोडेसे ==

रग्बी युनियन हा प्रत्येकी १५ खेळाडूंच्या दोन संघांत, लंबगोल चेंडूने ८० मिनिटे खेळला जाणारा खेळ आहे. चेंडू हातात घेऊन पळता येते, पायाने मारता येतो. मात्र हाताने तो पुढच्या दिशेने फेकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. चेंडू घेऊन पळणाऱ्यास प्रतिस्पर्धी अंगाला भिडून खाली पाडतात. यास टॅकल म्हणतात. कबड्डीतील पकडीची ज्यांना सवय आहे त्यांना ही कल्पना सहज येईल. फरक इतकाच की येथे चढाई करणारा पूर्ण वेगात असतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि त्याचे ५ गुण मिळतात. ट्रायनंतरच्या यशस्वी किकचे २, तर पेनल्टी व ड्रॉप गोलचे प्रत्येकी ३ गुण असतात. दोन देशांमधील अधिकृत सामन्यास येथेही कसोटी सामनाच म्हणतात. क्रिकेटप्रमाणे तो पाच दिवस चालत नाही.

संघातील पहिले आठ खेळाडू धिप्पाड असतात व चेंडू मिळवण्याचे कष्टाचे काम करतात. मागील सात जण चेंडू खेळवत नेतात. त्यांपैकी मैदानाच्या दोन्ही कडांना उभे राहणारे विंगर हे परंपरेने सडपातळ, चपळ आणि सर्वांत वेगवान खेळाडू असत. लोमू डाव्या कडेचे विंगर होते आणि त्यांच्या पाठीवर ११ हा क्रमांक असे. त्यांची उंची १.९६ मीटर आणि वजन सुमारे १२० किलो होते. त्या काळच्या आघाडीच्या फळीतील बहुतेक खेळाडूंनाही एवढे वजन नव्हते. असे असूनही शालेय वयात ते १०० मीटर अंतर सुमारे ११ सेकंदांत धावत असत. लोमू यांच्या खेळाने एवढी खळबळ का उडाली, हे या आकड्यांवरून लक्षात येते.

== बालपण व शिक्षण ==

लोमू यांचे आईवडील टोंगा या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशातून आलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू झीलंडमधील कारखान्यांना मजुरांची गरज होती. त्या काळात टोंगा, सामोआ येथून हजारो कुटुंबे ऑकलंडच्या दक्षिण उपनगरांत येऊन स्थिरावली. १९७०च्या दशकात मंदी आल्यावर याच लोकांच्या घरांवर पोलिसांचे पहाटेचे छापे पडू लागले. लोमू यांचा जन्म त्याच काळातला. त्यांच्या बालपणाची काही वर्षे टोंगामध्ये नातेवाइकांकडे गेली. परत आल्यावर ते ऑकलंडमधील मँगेरे या कष्टकऱ्यांच्या वस्तीत वाढले.

हे बालपण सुखाचे नव्हते. घरात वडिलांचे मद्यपान आणि मारहाण होती, तर घराबाहेर तरुणांच्या टोळ्या होत्या. त्यांचे एक नातेवाईक अशाच हिंसाचारात मारले गेले. मुलगा याच वाटेला लागेल या भीतीने आईने त्यांना मँगेरेपासून दूर, पुकेकोहेजवळच्या वेस्ली कॉलेज या निवासी शाळेत घातले. १८४४मध्ये स्थापन झालेल्या या मेथडिस्ट शाळेत शिस्त कडक होती. मैदानी स्पर्धांत लोमू यांनी तेथे वर्चस्व गाजवले आणि रग्बीतही ते लवकरच पुढे आले. पुढील यशाची पायाभरणी वेस्लीत झाली यात शंका नाही. पण त्या शाळेत त्यांना पाठवण्याचा आईचा निर्णय हेच या चरित्रातील पहिले वळण मानावे लागेल.

शाळेत आणि कुमार गटांच्या राष्ट्रीय संघांत ते आघाडीच्या फळीत खेळत. त्यांना विंगवर आणण्याची कल्पना राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक लॉरी मेन्स यांच्या काळात प्रत्यक्षात आली. सात खेळाडूंच्या ‘सेव्हन्स’ प्रकारात मैदान मोकळे असते, तेथे लोमू यांच्या वेगाला पूर्ण वाव मिळे. एरिक रश यांच्यासारखे अनुभवी खेळाडू आणि प्रशिक्षक गॉर्डन टिटजेन्स यांच्या सहवासात हाँगकाँग सेव्हन्स स्पर्धेत त्यांनी प्रथम नाव कमावले.

== कसोटी पदार्पण ==

२६ जून १९९४ रोजी क्राइस्टचर्च येथील लँकेस्टर पार्क मैदानावर फ्रान्सविरुद्ध लोमू यांनी कसोटी पदार्पण केले. त्या दिवशी त्यांचे वय १९ वर्षे ४५ दिवस होते. ऑल ब्लॅक्सकडून कसोटी खेळणारा सर्वांत तरुण खेळाडू हा १९०५पासून एडगर रिगली यांच्या नावावर असलेला मान त्यामुळे लोमू यांच्याकडे आला. मात्र हे पदार्पण यशस्वी ठरले नाही. न्यू झीलंडने तो सामना ८–२२ असा गमावला आणि आठवड्याभराने ऑकलंडमधील दुसरा सामनाही २०–२३ असा हरला. विंगवर नवख्या असलेल्या लोमू यांच्या पाठीमागे चेंडू मारून फ्रेंच खेळाडूंनी त्यांना वारंवार वळून धावायला लावले. त्यांना संघातून वगळण्यात आले.

पुढील हंगामात मेन्स यांनी खेळाडूंच्या तंदुरुस्तीसाठी अत्यंत कठोर सराव शिबिरे घेतली. त्यांत लोमू मागे पडत आणि दम टिकवण्यात ते कमी पडतात असा ठपका त्यांच्यावर बसला. त्यांची विश्वचषकासाठी निवड होईल की नाही, हे बराच काळ अनिश्चित होते. अखेर संघात जागा मिळाली तेव्हा त्यांच्या खात्यावर अवघे २ कसोटी सामने आणि दोन्ही पराभव होते.

== १९९५चा विश्वचषक ==

वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेत भरलेली ही पहिलीच मोठी आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर आयर्लंडविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात लोमू यांनी २ ट्राय केले. न्यू झीलंडने तो सामना ४३–१९ असा जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत प्रिटोरिया येथे स्कॉटलंडला ४८–३० असे हरवताना त्यांनी आणखी एक ट्राय केला.

१८ जून १९९५ रोजी केप टाउन येथील न्यूलँड्स मैदानावर इंग्लंडविरुद्ध झालेला उपांत्य सामना लोमू यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. सामना सुरू होताच अँड्र्यू मेहर्टन्स यांनी नेहमीची दिशा सोडून उलट्या बाजूला चेंडू मारला आणि इंग्लंडच्या बचावात गोंधळ उडाला. दोन-तीन मिनिटांतच ग्रॅम बाशॉप यांनी डावीकडे लांब फेकलेला चेंडू लोमू यांच्या मागे पडला. त्यांनी वळून तो उचलला तेव्हा ते जवळजवळ स्थिर उभे होते, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या दृष्टीने परिस्थिती अनुकूल होती. टोनी अंडरवुड यांना त्यांनी बाहेरच्या बाजूने चुकवले. कर्णधार विल कार्लिंग यांचा हात घोट्याला लागल्यामुळे ते अडखळले. पण तोल सावरण्यापूर्वीच समोर आलेल्या माइक कॅट यांच्या अंगावरून थेट पुढे गेले आणि गोलरेषेवर कोसळत त्यांनी चेंडू टेकवला. कॅट जमिनीवर उताणे पडले होते. हे चित्रण पुढे जगभर अगणित वेळा दाखवले गेले.

या सामन्यात लोमू यांनी एकूण ४ ट्राय केले. मध्यंतराला गुणफलक २५–३ होता आणि अंतिम निकाल ४५–२९ असा लागला. उत्तरार्धात इंग्लंडनेही ४ ट्राय केले, ही गोष्ट सहसा कोणाच्या स्मरणात नसते. त्या पहिल्या ट्रायचे वर्णन नेहमी निव्वळ ताकदीचा नमुना म्हणून केले जाते, परंतु ते अपुरे आहे. चित्रण काळजीपूर्वक पाहिल्यास चुकलेला चेंडू हेरणे, वळणे, बाहेरची वाट निवडणे आणि तोल जात असतानाही पावले न थांबवणे ही चारही कामे त्यांनी काही क्षणांत केलेली दिसतात. ताकद शेवटी उपयोगी पडली, त्याआधीचे सर्व कौशल्याचे होते.

२४ जून रोजी एलिस पार्कवर झालेल्या अंतिम सामन्यात यजमान दक्षिण आफ्रिकेने त्यांना एकही ट्राय करू दिला नाही. त्यांच्या समोरचे विंगर जेम्स स्मॉल एकटे कधीच नव्हते. लोमू यांच्या हाती चेंडू येताच दोन-तीन जण त्यांना घेरत आणि एकाने तरी पायांना मिठी मारायची, असा डाव होता. स्क्रमहाफ योस्ट व्हान डर वेस्टहाइझन यांनी त्यांना पाडलेला प्रसंग दक्षिण आफ्रिकेत आजही सांगितला जातो. अतिरिक्त वेळेत योएल स्ट्रान्स्की यांच्या ड्रॉप गोलमुळे दक्षिण आफ्रिकेने १५–१२ असा विजय मिळवला. राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी स्प्रिंगबॉक संघाचा ६ क्रमांकाचा पोशाख घालून कर्णधार फ्रांस्वा पिनार यांना चषक दिला. या सामन्यावर आधारित ‘इन्व्हिक्टस’ (२००९) या चित्रपटात लोमू यांचेही पात्र आहे. कारकीर्दीत दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटी सामन्यांत लोमू यांना एकही ट्राय करता आला नाही. उलट इंग्लंडविरुद्ध त्यांनी ८ ट्राय केले.

== व्यावसायिक युग ==

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिका, न्यू झीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या रग्बी संघटनांनी रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी १० वर्षांसाठी ५५.५ कोटी अमेरिकी डॉलरचा प्रक्षेपण करार जाहीर केला. न्यूलँड्सचा सामना पाहूनच मर्डोक यांनी हा निर्णय घेतला अशी आख्यायिका आहे. वस्तुतः बोलणी त्याआधीपासून चालू होती. तथापि, विकत घेतलेल्या वस्तूचे मोल जगाला पटवून देण्याचे काम लोमू यांच्या खेळाने केले, असे म्हणता येईल. याच सुमारास केरी पॅकर यांच्या पाठबळावर उभ्या राहू पाहणाऱ्या प्रतिस्पर्धी संघटनेनेही अनेक खेळाडूंशी संधान बांधले होते; १९७७मध्ये क्रिकेटविश्व हादरवणारे पॅकर ते हेच. तो प्रयत्न फसला. २६ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने पॅरिस येथे हा खेळ व्यावसायिकांस खुला असल्याचे जाहीर केले. शंभर वर्षांपूर्वी, १८९५मध्ये, खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही या प्रश्नावरून उत्तर इंग्लंडमधील क्लब वेगळे झाले होते आणि त्यातून पुढे रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ निर्माण झाला होता. त्या वादावर शतकभराने असा पडदा पडला.

लोमू यांना लीगच्या क्लबांकडून प्रलोभने आली आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये जाण्याविषयीही चर्चा रंगल्या. ते न्यू झीलंडमध्येच राहिले. ऑकलंड ब्लूज संघातर्फे ते सुपर १२ ही नवी स्पर्धा खेळले व १९९६मध्ये हा संघ विजेता ठरला. त्यांच्या नावाने निघालेला व्हिडिओ गेमही लोकप्रिय झाला.

== आजार ==

१९९७च्या प्रारंभी लोमू यांना नेफ्रॉटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा विकार असल्याचे जाहीर झाले. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या रक्तातील टाकाऊ द्रव्ये मूत्रावाटे बाहेर सोडतात आणि प्रथिने रक्तात राखून ठेवतात. या विकारात गाळण्यांना इजा होऊन प्रथिने मूत्रावाटे निघून जातात. रक्तातील प्रथिने घटली की पाणी ऊतींमध्ये साठते, पाय व चेहरा सुजतो आणि रुग्णास सतत थकवा जाणवतो. औषधांनी काहींचा विकार आटोक्यात येतो, तर काहींची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. लोमू यांच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली.

१९९७च्या हंगामाचा मोठा भाग उपचारांत गेला. वर्षअखेरच्या ब्रिटन दौऱ्यात ते संघात परतले. पुढील पाच वर्षे ते खेळले ती याच विकारासह. बाहेरून पाहणाऱ्यास लोमू म्हणजे अजस्र शक्ती असे वाटे. काही सामन्यांत ते निस्तेज दिसले की आळस, अपुरा सराव, प्रसिद्धीची नशा अशी कारणे शोधली जात. विश्वचषकापूर्वीच्या शिबिरांतही त्यांच्यावर दम कमी असल्याचा ठपका होता, हे वर आलेच आहे. विकाराने शरीरात नेमके केव्हा घर केले हे कोणीच सांगू शकत नसले, तरी त्यांच्या तंदुरुस्तीवर त्या काळी झालेली टीका आज पुन्हा वाचताना वाचकास थोडे थांबावेसे वाटते. त्यांच्या ३७ ट्रायपैकी अनेक ट्राय पूर्ण निरोगी खेळाडूचे नव्हते, ही गोष्ट आकडेवारीच्या कोष्टकात दिसत नाही.

काउंटीज मानुकाऊ व ब्लूज या दोन्ही संघांत दुसऱ्या कडेला खेळणारे फिजीवंशीय विंगर जोएली विदिरी यांनाही पुढे मूत्रपिंडाच्या आजारामुळेच खेळ सोडावा लागला. एकाच संघाचे दोन्ही विंगर या आजाराने ग्रासले जावेत हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. मात्र प्रशांत बेटांवरून आलेल्या समाजात मूत्रपिंडाच्या विकारांचे प्रमाण न्यू झीलंडच्या सरासरीपेक्षा अधिक आहे, याचीही येथे नोंद घ्यायला हवी.

== १९९८ ते २००२ ==

१९९८मध्ये क्वालालंपूर येथील राष्ट्रकुल स्पर्धेत रग्बी सेव्हन्सचा प्रथमच समावेश झाला व लोमू यांचा समावेश असलेल्या न्यू झीलंड संघाने सुवर्णपदक जिंकले. १९९९च्या विश्वचषकात त्यांनी ८ ट्राय केले. ट्विकनहॅम येथे इंग्लंडविरुद्ध मैदानाच्या मध्याअलीकडून चार बचावपटूंना झुगारून केलेला ट्राय त्या स्पर्धेतील सर्वांत गाजलेला. एका स्पर्धेतील ८ ट्रायच्या या विक्रमाशी नंतर हबाना (२००७), जुलियन सॅव्हिया (२०१५) आणि विल जॉर्डन (२०२३) यांनी बरोबरी केली आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्धही लोमू यांनी २ ट्राय केले व न्यू झीलंड २४–१० असे पुढे होते. त्यानंतर फ्रान्सने लागोपाठ ३३ गुण मिळवून ४३–३१ असा सामना जिंकला. विश्वचषक विजेत्या संघात असण्याचा मान लोमू यांना कधीच लाभला नाही.

१५ जुलै २००० रोजी सिडनी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेल्या सामन्यास १,०९,८७४ प्रेक्षक हजर होते. न्यू झीलंडने पहिल्या काही मिनिटांतच २४–० अशी आघाडी घेतली. ऑस्ट्रेलियाने मध्यंतरापर्यंत बरोबरी साधली आणि अखेरच्या क्षणांत ३५–३४ अशी आघाडीही मिळवली. टेन रँडेल यांच्याकडून चेंडू मिळताच लोमू डाव्या सीमारेषेला अगदी लागून पळाले आणि त्यांनी विजयी ट्राय केला. निकाल ३९–३५. रेषेबाहेर पाय न जाऊ देता सुमारे १२० किलोंचा देह ज्या नाजूकपणे त्यांनी पुढे नेला, तो पाहिल्यावर त्यांना केवळ धक्के देणारा खेळाडू म्हणणे अवघड जाते. २००१मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे झालेल्या सेव्हन्स विश्वचषकात कर्णधार एरिक रश यांचा पाय मोडला. त्यांच्या जागी खेळत लोमू यांनी अंतिम सामन्यात ३ ट्राय केले आणि न्यू झीलंडने ऑस्ट्रेलियाला हरवून विजेतेपद मिळवले.

देशांतर्गत स्पर्धांत ते या काळात प्रथम चीफ्स व नंतर हरिकेन्स आणि वेलिंग्टन या संघांकडून खेळले. नोव्हेंबर २००२मध्ये ट्विकनहॅमवर इंग्लंडविरुद्ध त्यांनी २ ट्राय केले. २३ नोव्हेंबर रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध खेळलेला सामना त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. त्या वेळी ते २७ वर्षांचे होते.

== प्रत्यारोपण आणि पुनरागमन ==

२००३च्या मध्यास त्यांची मूत्रपिंडे इतकी बिघडली की आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करणे भाग पडले. पायांच्या मज्जातंतूंनाही इजा झाली. चालणे कठीण होऊ लागले आणि लवकर प्रत्यारोपण न झाल्यास चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागेल, असा इशारा डॉक्टरांनी दिला. २८ जुलै २००४ रोजी ऑकलंड येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. वेलिंग्टनमधील रेडिओ निवेदक व त्यांचे मित्र ग्रँट केरेमा यांनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले.

प्रत्यारोपणानंतर शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. अशा रुग्णास सामान्यतः अंगाला भिडण्याचे खेळ टाळण्याचा सल्ला दिला जातो. लोमू यांनी मात्र पुनरागमनाचा निश्चय केला. जून २००५मध्ये ट्विकनहॅम येथे इंग्लंडचे माजी कर्णधार मार्टिन जॉन्सन यांच्या गौरवार्थ झालेल्या सामन्यात ते उतरले व त्यांनी ट्रायही केला. त्याच सामन्यात खांदा दुखावल्याने पुन्हा काही महिने बाहेर बसावे लागले. डिसेंबर २००५पासून ते वेल्समधील कार्डिफ ब्लूज संघाकडून खेळले. एप्रिल २००६मध्ये घोट्याचे हाड मोडले. मायदेशी परतून नॉर्थ हार्बर संघातर्फे खेळताना २००७च्या विश्वचषकासाठी निवड व्हावी अशी त्यांची आकांक्षा होती. परंतु सुपर १४ स्पर्धेतील एकाही संघाने त्यांच्याशी करार केला नाही व ती वाट बंद झाली. २००७मध्ये त्यांनी व्यावसायिक खेळातून निवृत्ती घेतली. २००९–१०मध्ये फ्रान्समधील मार्सेय व्हित्रोल या खालच्या श्रेणीतील संघाकडून ते काही सामने खेळले.

या पुनरागमनाविषयी मतभेद आहेत. दुसऱ्याने दिलेला अवयव अशा खेळात पणाला लावावा काय, असा प्रश्न काहींनी विचारला. क्रीडादृष्ट्या पाहता ते पूर्वीचे लोमू नव्हते, वेग ओसरला होता. तरीही डायलिसिसवरील रुग्णांच्या दृष्टीने प्रत्यारोपणानंतर सतरा महिन्यांनी व्यावसायिक रग्बी खेळणारा हा माणूस ट्रायच्या संख्येपेक्षा अधिक काही सांगत होता. पुढे त्यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी चालणाऱ्या कार्याला आपले नाव व वेळ दिला.

== अखेरची वर्षे व मृत्यू ==

९ सप्टेंबर २०११ रोजी ऑकलंडमध्ये विश्वचषकाच्या उद्घाटन सोहळ्यात लोमू सहभागी झाले. त्याच महिन्यात त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. प्रत्यारोपित मूत्रपिंड सात वर्षांनी निकामी झाले आणि पुन्हा डायलिसिस सुरू झाले. दुसऱ्या प्रत्यारोपणाचा योग आला नाही. २०१५च्या विश्वचषकानिमित्त त्यांनी ब्रिटनमध्ये अनेक कार्यक्रमांना हजेरी लावली. प्रवासातही डायलिसिस चालूच असे. दुबईमार्गे कुटुंबासह घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी, १८ नोव्हेंबर २०१५ रोजी, ऑकलंड येथे त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यांचे वय ४० वर्षे होते. पत्नी व दोन लहान मुलगे त्यांच्या मागे राहिले.

३० नोव्हेंबर रोजी ईडन पार्क मैदानावर हजारो लोकांच्या उपस्थितीत सार्वजनिक शोकसभा झाली. वेस्ली कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आणि माजी सहकाऱ्यांनी हाका सादर केला. सामन्यापूर्वी ऑल ब्लॅक्स करतात तो माओरी हाका आव्हानाचा आविष्कार म्हणून परिचित आहे. माओरी परंपरेत मृतास मानवंदना देण्यासाठीही तो केला जातो. व्यावसायिक रग्बीच्या पहिल्या पिढीचे सर्वांत प्रसिद्ध नाव असूनही लोमू यांनी मागे फारशी संपत्ती ठेवली नव्हती. त्यांच्या मुलांच्या संगोपनासाठी न्यू झीलंडच्या रग्बी खेळाडूंच्या संघटनेने जोना लोमू लेगसी ट्रस्ट या न्यासाची स्थापना केली.

== सन्मान ==

२००७मध्ये त्यांना न्यू झीलंड ऑर्डर ऑफ मेरिट हा नागरी सन्मान मिळाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय रग्बी हॉल ऑफ फेममध्ये व २०११मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. त्यांच्यानंतर धिप्पाड विंगर निवडण्याकडे जगभरच्या संघांचा कल वाढला. जुलियन सॅव्हिया यांच्यासारख्या खेळाडूंची तुलना त्यांच्याशी वारंवार होत असे. ऑल ब्लॅक्सकडून कसोटी खेळणारा सर्वांत तरुण खेळाडू हा १९९४चा मानही अद्याप त्यांच्याच नावावर आहे.